बोरूचे दोन वाफे

१२ जून

सूनबाई,

सुरुवातीला आशीर्वाद लिहावा की नाही, या विचारात अर्धी सकाळ गेली. शेवटी लिहिलाच नाही. हवा असला तर समजून घे.

तुम्ही गेलात त्याला आता आठ महिने होतील. लेक रविवारी फोन करतो. तुझं विचारलं की म्हणतो, "बरी आहे." बाळाचं विचारलं की म्हणतो, "बरा आहे." एवढंच बोलायला मी त्याला शाळेत घातलं नव्हतं. तू काही फोनवर यायची नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

बातमी अशी की मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेतून एक मुलगी आली होती. पाणी तपासनीस. वय तुझ्याएवढं, खांद्याला पेटी, पेटीत बाटल्या. गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी नेलं आणि काल कागद घेऊन परत आली. म्हणते, "आजी, पंचेचाळीसच्या आत हवं. तुमच्या विहिरीत एकशे अठरा आहे."

"काय एकशे अठरा?"

"नायट्रेट."

"दाखव."

"दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही."

"वा! म्हणजे तुझी बाटली खरी आणि तीस वर्षं हे पाणी पिऊन धडधाकट उभी असलेली मी खोटी?"

ती म्हणाली, "मोठ्यांना सहसा बाधत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना बाधतं. रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं, ओठ निळे पडतात."

मी तिला चहा न देता वाटेला लावलं. तुला कळवते ते एवढ्याचसाठी की दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. मुलगी चुकते आहे. ही विहीर तुझ्या सासऱ्यांनी खणली, आतलं दगडी बांधकाम मी ओळंबा लावून केलं. अजून एक दगड हललेला नाही. गल्लीतल्या तेवीस घरांच्या संडासांचे शोषखड्डेही माझ्याच हातचे. दुसऱ्या गावांत दर दोन वर्षांनी उपसायची गाडी बोलवावी लागते, लोक नाकाला रुमाल लावून फिरतात. माझा एकही खड्डा वीस वर्षांत भरलेला नाही. लोक मला उगाच मिस्त्रीणबाई म्हणत नाहीत. असं काम जिच्या हातचं, तिच्याच दारातलं पाणी नासेल का? तूच सांग.

बाळाचे ओठ आता कसे आहेत?

तुझी सासू


२९ जून

सूनबाई,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षा केलीही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की ओट्यावर काहीतरी काम काढून बसते.

ती मुलगी पुन्हा आली. या वेळी चहा दिला, कारण मला तिच्याशी भांडायचं होतं आणि उपाशी माणसाशी भांडू नये. मी तिला माझे खड्डे दाखवले. म्हटलं, "बघ, वीस वर्षांत एक भरला नाही."

तिने कप खाली ठेवला आणि विचारलं, "आजी, जे भरत नाही, ते जातं कुठे?"

पस्तीस वर्षं थापी हातात आहे, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. आपली माती रेताड. गल्लीचा उतार विहिरीकडे. आणि खड्ड्यांच्या विटांमध्ये फटी मी मुद्दाम मोठ्या ठेवल्या, पाणी झटकन मुरावं म्हणून. ते मुरलं. तेवीस घरांचं वीस वर्षांचं मुरलं आणि उतार जिकडे नेईल तिकडे गेलं. जमिनीत घाण गाळली जाते, पण मुताच्या पाण्यातला हा जो नायट्रोजन असतो ना, तो नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुकाट चालत राहतो.

मग मी तिला उकळण्याचं विचारलं. मी अर्धा अर्धा तास पाणी उकळून बाळाच्या बाटलीसाठी द्यायचे, तुला आठवत असेल. जंतू राहू नयेत म्हणून. तिने पेटी बंद केली. मग म्हणाली, "उकळून पाणी उडतं, आजी. नायट्रेट मागे राहतं. जितकं आटवाल तितकं दाट होतं."

वरच्या झऱ्याचं पाणी आणू का, असं तू मला विचारलं होतंस. दोनदा. मला दोनदाच आठवतं, पण तिसऱ्यांदा विचारलं असशील तर तेही खरंच असणार. मी म्हटलं होतं, "दारात गंगा असताना मैलभर हंडा वाहायची हौस कुणाला?"

आज एवढंच. एक मात्र सांगते. शेजारच्या टेलरकाकांच्या सुनेला आठवा महिना आहे. मी त्यांना सांगून टाकलं की बाळासाठी झऱ्याचंच पाणी आणा, आपल्या विहिरीला हल्ली क्षार फार झालेत. क्षार नाहीत. पण एकदम सगळं कसं सांगणार? गल्लीत माझं एक नाव आहे.

सासू


५ सप्टेंबर

सूनबाई,

हे पत्र लांब होईल. चूल बंद करून बसले आहे.

टेलरकाकांना नात झाली. अडीच किलोची, आवाज मात्र पाच किलोचा. सुनेला ताप आला, अंगावरचं दूध कमी पडलं, म्हणून बाटली सुरू झाली. मी बघायला गेले तर काका स्वतः किटलीतून पाणी ओतत होते. मी विचारलं, "कुठलं पाणी?"

"आपलंच. चांगलं उकळलंय."

"झऱ्याचं आणा म्हटलं होतं ना?"

"अहो मिस्त्रीणबाई, क्षार उकळून खाली बसतात. आणि तुमच्या विहिरीसारखं पाणी पंचक्रोशीत नाही, हे तुम्हीच आम्हाला वीस वर्षं ऐकवताय!"

मी त्यांच्या हातातून किटली हिसकावली आणि मोरीत ओतली. माझा हात भाजला, तो बरा आहे. काका "अहो, अहो" करत राहिले. बाटली पण ओतली. पोर भुकेने किंचाळत होतं. मी तशीच घागर उचलली आणि झऱ्यावर गेले. येताना वाटेत ठरवलं की आता क्षारबिर पुरे झालं.

दोन दिवसांनी शाळेच्या खोलीत सभा भरली. तपासनीस मुलीने आकडे सांगितले. लोकांचं नेहमीचं सुरू झालं. कुणी म्हणालं शेतातलं खत, कुणी म्हणालं वरच्या गोठ्याचं शेण. गावचे कारभारी म्हणाले, "थोडक्यात, दोष कुणाचा म्हणता येत नाही."

मी उभी राहिले. "म्हणता येतो. खड्डे माझे आहेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या घरचा तर चांगला आहे!"

"तुझ्या घरचा सगळ्यांत वाईट आहे. तिथे मी विटांमध्ये बोटभर फट ठेवली होती, आणि तुझ्या बापाने मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती."

थोडं हसू झालं. मग टेलरकाका उठले. तुला आठवत असेल, त्या दिवशी दवाखान्यात त्यांनीच आपल्याला गाडीतून नेलं होतं. ते म्हणाले, "मिस्त्रीणबाई, खड्ड्यांचं सांगितलंत, चांगलं केलंत. पण डॉक्टरांनी 'पाणी कुठलं' विचारलं तेव्हा तुम्ही सुनेला काय म्हणालात, तेही सांगा की. मी दारात उभा होतो."

माणसाने एवढं स्पष्ट ऐकू नये.

मी सांगितलं, सूनबाई. भर सभेत, जसंच्या तसं. इथेही तसंच लिहिते, कारण शब्द बदलले तर माफीही बदललेल्या शब्दांची होईल. मी म्हणाले होते, "विहिरीला नावं ठेवू नकोस. तुझ्या अंगचं दूध पोराला पुरलं असतं तर बाटली लागली असती का?" पलंगावर पोर निळंसावळं होऊन पडलेलं, नर्स निळ्याच रंगाचं औषध सुईत भरत होती, आणि मी हे बोलले. डॉक्टरांनी विहिरीचं पाणी बंद करा म्हणून चिठ्ठीवर लिहून दिलं, तर मी त्यांना 'कालचं पोर' म्हणाले. बाळाचा रंग परत आला तशी तू त्याला उचललंस आणि घरी न येता परस्पर निघालीस.

पाणी मी पाजलं. दोष तुझा काढला. चूक माझी होती आणि पाप पण माझंच. माफ कर असं लिहिते आहे. केलंसच पाहिजे असं नाही.

सभेत एवढं सांगून मी खाली बसले. मग तपासनीस मुलीने सांगितलं की उपाय आहे. सगळ्या घरांचं पाणी नळाने एका जागी आणायचं, आधी टाकीत निवळू द्यायचं, आणि मग खडी-वाळूच्या वाफ्यातून गाळायचं. वाफ्यात बोरू लावायचा, ओढ्याकाठचं ते उंच पोकळ गवत. मोटार नको, वीज नको, उतार असला की झालं. पण गल्लीच्या खालच्या टोकाला मोकळी जागा हवी.

तशी जागा एकच आहे, टेलरकाकांची. दोन वर्षांपूर्वी कारभाऱ्यांनी रस्त्यासाठी मागितली तर दिली नव्हती. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काका टेप गळ्यात घालून बसले होते. म्हणाले, "देतो. पण बांधणार कोण?"

"मी," म्हटलं.

"आणि या वेळी चुकलं तर?"

"तर पुन्हा याच खोलीत उभी राहीन."

सासू


११ मार्च

सूनबाई,

तुला फोटो पाठवते आहे. बोरूच्या समोर उभी असलेली, डोक्याला फडकं बांधलेली, ती मी. बोरू माझ्यापेक्षा उंच झालाय.

कसा वाफा बांधलाय म्हणून सांगू! टाकीला तीन कप्पे. वाफा बारा पावलं लांब, सहा रुंद, खाली मोठी खडी, मग बारीक खडी, वर जाडी वाळू. वाळू मी स्वतः चाळून धुतली, कारण त्यात माती राहिली की वाफा तुंबतो. तळाचा उतार शंभराला एक. पाण्याच्या नळीने लेव्हल बघितली तेव्हा कारभाऱ्यांचा इंजिनिअर भाचा म्हणाला, "आजी, यंत्र आणू का?" यंत्र आणलं. एका बोटाचाही फरक निघाला नाही. त्या पोराने मला नमस्कार केला. आता मी काही बोलत नाही, पण केला.

पाणी सारखं सोडायचं नाही. दिवसातून चार वेळा एकदम धो धो सोडायचं आणि मग वाफ्याला श्वास घेऊ द्यायचा. वाळूत जंतू असतात, त्यांना हवा लागते. बाहेर पडणारं पाणी काचेसारखं. वासाचं नाव नाही. गल्ली रोज बघायला यायची. मी ग्लासात भरून उन्हात धरून दाखवायचे. जुने तेवीस खड्डे एकेक करून बुजवले, तेही माझ्याच हाताने.

आता पुढचं. काल तपासनीस मुलगी आली. तिच्या पडलेल्या तोंडावरूनच मी ओळखलं. पाण्यातला अमोनिया गेला होता, अगदी सपाट. पण नायट्रेट? ब्याण्णव.

मी विचारलं, "गाळून ब्याण्णव?"

"गाळून नाही, आजी. वाफ्यातच तयार होतंय. हवा मिळाली की जंतू अमोनियाचं नायट्रेट करतात. अर्धं काम झालंय."

म्हणजे सहा महिने घाम गाळून मी जे घालवायचं होतं तेच बनवायचा कारखाना बांधला. स्वच्छ, बिनवासाचा, सुंदर कारखाना. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीणबाईंचा हात लागला की पाण्याचं भलं होतंच!" मी शब्द दिला होता, म्हणून आज सकाळी त्या शाळेच्या खोलीत जाऊन पुन्हा उभी राहिले. लोकांनी काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. ऐकून घेतलं.

काकांची नात रांगते आहे. झऱ्याचं पाणी रोज मीच नेऊन देते.

सासू


२ मे

सूनबाई,

तुझं कार्ड आलं. "बाळ बरा आहे. दिवसभर बडबड करतो. पाण्याचा आकडा कळवत जा." एवढ्या तीन ओळी. मी ते कार्ड टेलरकाकांना दाखवलं, पोस्टमनला दाखवलं (त्याने आधीच वाचलं होतं), आणि तपासनीस मुलीलाही दाखवलं. आता मात्र आकडा कळवायचा तर आकडा मिळवायला हवा!

तर ऐक. पहिल्या वाफ्याच्या खाली दुसरा वाफा बांधला. त्याचं सगळं उलटं. पहिल्याला हवा हवी, याला हवा नको. पहिला कोरडा होऊ द्यायचा, हा कायम तुडुंब ठेवायचा, पण पाणी वर दिसता कामा नये, खडीच्या आतच राहायला हवं. त्यासाठी बाहेरच्या नळाचं तोंड मी कोपरासारखा वळलेला जोड लावून वर उचललं. नळ हवा तेवढा फिरवला की आतली पातळी वर-खाली. ही युक्ती कागदावर नव्हती, माझी आहे. मुलीने ती वहीत लिहून घेतली आणि खाली कुणाची तेही लिहिलं.

आत हवा नसली की तिथल्या जंतूंचा जीव घुसमटतो. मग ते नायट्रेटमधला प्राणवायू तोडून घेतात आणि उरलेला नायट्रोजन सोडून देतात. तो बुडबुडा होऊन वर हवेत निघून जातो. हवेत तो असतोच, आपण सगळे तोच श्वासात घेतो, कुणाचं काही बिघडत नाही. मला हे ऐकून बरं वाटलं. इतकी वर्षं मी जे जमिनीत कोंबत आले, त्याची खरी जागा वर होती.

पण त्या जंतूंना खायला लागतं. मुलगी म्हणाली, लाकडाचा भुसा-छिलपे चालतील. सुतार म्हणाला, "घेऊन जा, माझी अडगळ जाईल." खडीत छिलपे मिसळून भरले. पहिले तीन आठवडे पाणी चहासारखं तपकिरी आलं, आणि टेलरकाका रोज विचारायचे, "साखर घालू का?" चौथ्या आठवड्यात निवळलं.

काल तपासलं. आत येताना ब्याण्णव. बाहेर पडताना नऊ.

मी मुलीला पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा नऊ. मग ती पेटी तशीच टाकून माझ्या गळ्यात पडली आणि रडली. म्हटलं, वेडे, रडायचं मला आहे, तू का? पण मीही नाही रडले. मी बोरूत जाऊन उभी राहिले. वाळूवर माझ्या पायांचे ठसे उमटले, ते मी पुसले नाहीत.

विहिरीचा आकडा एवढ्यात उतरायचा नाही. जमिनीत जे आधीच साठलंय ते सावकाश निघेल. विहिरीला झाकण करून कुलूप लावलंय आणि पाटी मी स्वतः रंगवली आहे: बाळांसाठी नाही. जिच्या पाण्याची मी वीस वर्षं फुशारकी मारली, तिच्यावर.

सासू


१७ नोव्हेंबर

सूनबाई,

आशीर्वाद. आज न विचारता लिहिला.

दुसरा वाफा सुरू होऊन दीड वर्ष झालं. तुला दर खेपेला आकडा कळवत आले: एकशे बारा, शहाण्णव, एकाहत्तर, एकोणसाठ. मधे एकदा पुन्हा सदुसष्ट झाला तेव्हा तू लिहिलंस, "वाढला तरी कळवलात, हे चांगलं केलंत." तुझ्या कार्डांतलं तेच कार्ड मी सगळ्यात वर ठेवलंय.

परवा मुलगी आली. आता तिची बढती झाली आहे, हाताखाली दोन माणसं आहेत, पण आपल्या विहिरीची बाटली ती स्वतःच भरते. सगळी गल्ली जमली होती. टेलरकाका नातीला खांद्यावर घेऊन आले होते. ती सारखी विचारत होती, "काय आहे? काय आहे?" आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही नव्हतंच. एक बाटली आणि एक आकडा.

त्रेचाळीस.

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. काका एवढंच म्हणाले, "मिस्त्रीणबाई, या वेळी चुकलं नाही." मला तेवढं पुरलं. कारभारी लगेच म्हणाले, कुलूप काढा. मी किल्ली दिली नाही. एका आकड्यावर कुलूप निघणार नाही. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा, सलग पंचेचाळीसच्या आत आला की मगच. ते माझ्यावर चिडले आहेत. चिडू देत.

लेक म्हणाला, तू सुट्टीत बाळाला घेऊन यायचं म्हणते आहेस. मी फोन ठेवला. मग उठून पाहुण्यांची खोली झाडली. काल पुन्हा झाडली.

त्याआधी एक काम कर. या पत्राबरोबर काकांचा पुतण्या तुझ्याकडे एक बाटली घेऊन येईल. मुलीने नीट बंद करून दिली आहे, थंड ठेव आणि त्याच दिवशी तुमच्या शहरातल्या प्रयोगशाळेत दे, इथल्या नाही. तिथला कागद तुझ्या नावाने येऊ दे. तो वाचून तुला पटलं तर पटलं, नाहीतर बाळासाठी पाणी बरोबर आण, किंवा झऱ्यावरून मी आणीन. मी चांगलं म्हणते म्हणून त्याला इथलं घोटभरही पाजायचं नाही. इथून पुढे या घरात बाळाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याच्या आईचा. हे मी लेकालाही सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना?" मेल्याला दोनच शब्द येतात.

आणि हो, येण्याची तारीख आधी कळव. पलीकडच्या चार गावांनी वाफे बांधायला मला बोलावलं आहे, जीप न्यायला येते, मी पुढच्या सीटवर बसते. माझ्या हाताखाली अकरा गवंडी शिकताहेत आणि मी ओळंबा लावल्याशिवाय कुणाला वीट ठेवू देत नाही. तेव्हा न कळवता आलात तर दाराला कुलूप दिसेल. हल्ली मी घरी सापडत नाही.

तुझी सासू